नवी टाकी धुताना

आमच्या कोकणी मुसलमान घरांत नवी वस्तू सरळ वापरायला काढत नाहीत. माठ रात्रभर पाण्यात भिजतो. लोखंडी तवा साबणाने घासून, तेल लावून तापवला जातो आणि त्यावरची पहिली भाकरी टाकून दिली जाते. अम्मीला कारण विचारलं तर ती म्हणायची, "कारखान्याचं पोटात जाऊ नये." तव्याला गंज धरू नये म्हणून खरंच तेल चोपडलेलं असतं. व्हेपच्या टाकीचंही तसंच आहे, फक्त ती चकचकीत डबीत सीलबंद येते म्हणून कुणाच्या मनात शंका येत नाही. धातूचे भाग कापताना, आटे पाडताना वापरलेल्या तेलाचा अंश त्यात राहू शकतो, पॅकिंगची धूळ असते. आणि इथे प्रश्न पोटाचा नाही, फुप्फुसाचा आहे.

तुम्ही म्हणाल, भारतात व्हेप बंद आहे, मग हे लिहायचं कशाला? बरोबर आहे. २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, सगळंच बंद झालं. पण आपली निम्मी घरं इंग्लंड नाहीतर आखातात आहेत. आणि या लेखातला माणूस तिथलाच आहे: माझा मामू.

मामू बोटीवर होता. चाळीस वर्षं सिगारेट ओढली. डॉक्टरांनी दम भरल्यावर दोन वर्षांपूर्वी ती सुटली, ती वापरून फेकायच्या व्हेपवर. ब्रिटनची आरोग्यसेवा, एनएचएस, सिगारेट सोडणाऱ्यांना व्हेप हा एक मार्ग म्हणून सांगते. त्याच्या जोडीला दोन गोष्टी बजावतेही: धोका कमी आहे, शून्य नाही, आणि जो ओढतच नाही त्याने याला हात लावू नये. आपल्याकडे पहिलं अर्धं वाक्य पटकन पोहोचतं, उरलेलं वाटेतच राहतं.

१ जून २०२५पासून तिथे फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली. मामूने पुन्हा भरायची, सुटी टाकी असलेली व्हेप आणली. मी तेव्हा त्यांच्याकडेच होतो. डबी उघडून तो लगेच भरायला बसला. मुमानीने टाकीला नाक लावलं आणि म्हणाली, "सायकलच्या चेनचा वास येतोय याला." मामू वैतागला. त्याची घाई मला कळत होती. तलफ आलेल्या माणसाला पहिला झुरका बेचव लागला तर तो कोपऱ्यावरच्या दुकानातून सिगारेटचं पाकीट आणतो. दोन वर्षांची मेहनत अशी एका घाणेरड्या चवीवर जाऊ शकते. म्हणूनच मी ती टाकी त्याच्या हातातून घेतली.

आधी बॅटरीचा दांडा वेगळा काढून लांब ठेवला. त्याला पाणी लावायचं नाही, कोरडं फडकं पुरे. मग टाकी सुटी केली: काचेची नळी, तोंडाचा भाग, बूड, रबराच्या बारीक कड्या. या कड्या सिंकमध्ये वाहून जातात, म्हणून मुमानीने चहाची गाळणी दिली. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटाने चोळणं, आणि साबणाचा वास जाईपर्यंत खळखळून धुणं. उकळतं पाणी नको, रबर आणि प्लॅस्टिक वाकडं होतं. मग सुती कापडावर पसरून वाळू दिलं. वाळवणं धुण्याइतकंच महत्त्वाचं. आट्यांत अडकलेलं पाणी खाली बॅटरीच्या टोकापर्यंत जाऊ नये.

कॉइल मात्र धुवायची नाही. तिच्यात कापूस असतो. तो नव्या कॉइलमध्ये कोरडा असतो आणि त्याला पाणी नव्हे, तेच द्रव पाजायचं असतं. कापसावर दोन-चार थेंब टाकायचे, टाकी भरायची, दहा मिनिटं थांबायचं. कोरड्या कापसावर बटण दाबलं की तो जळतो. जळक्या चिंधीची ती चव एकदा बसली की कॉइल फेकावीच लागते, आणि तो धूर घशाला आणि फुप्फुसाला वाईट, हे वेगळंच. ती दहा मिनिटं मामू घड्याळाकडे बघत बसला होता. शेवटी अस्रला वजू करायला उठला, तेव्हा कुठे वेळ सरला.

द्रव हाताला लागलं तर लगेच धुवावं. निकोटिन कातडीतून आत जातं आणि लहान मुलाच्या पोटात गेलं तर ते विषच आहे. म्हणून तिथे निकोटिनच्या बाटल्या जास्तीत जास्त १० मिलिलिटरच्या, झाकणं मुलांना न उघडणारी आणि निकोटिन मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आतच. मित्रमंडळींत एकच व्हेप फिरवतात तेही मला पटत नाही. थुंकीतून जे पसरायचं ते पसरतंच, टाकी कितीही घासा.

आणि घासून आतलं द्रव काही धुतलं जात नाही. २०१९मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी होऊ लागली. २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले. त्यांतले मृत्यू ६८. तपासात बोट दाखवलं गेलं ते व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे. चोरवाटेच्या बाजारातल्या गांजाच्या अर्कात ते भेसळ म्हणून घातलेलं होतं. यांतल्या किती जणांनी टाकी धुतली होती, याने काय फरक पडला असता?

रत्नागिरीच्या एका चुलतभावाने मला तिथे फोन केला होता. वय एकोणीस, सिगारेट कधी ओढलेली नाही. मामूची जुनी एखादी असेल तर घेऊन ये म्हणाला, आंब्याच्या वासाची मिळते म्हणे. मी कायदा सांगितला: आणणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"अरे भाई, नीट धुऊन वापरीन की," तो म्हणाला.

मामूच्या बाटलीवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं की यात निकोटिन आहे आणि त्याची सवय फार पटकन जडते. मी ते त्याला फोनवर मराठीत वाचून दाखवलं. पलीकडून मामूचा आवाज आला, "त्याला सांग, मीही एकोणीस वर्षांचाच होतो."