मोजणी कशासाठी?

जून महिना जवळ आला की ज्या घरची मुले महाविद्यालयाच्या पायरीशी येऊन ठेपली आहेत, त्या घरी प्रवेशअर्जांची धांदल सुरू होते. बापाचे उत्पन्न, आईचे शिक्षण, मुलाचे आजारपण, सारे काही त्यांत भरून द्यावे लागते. आम्ही खेड्यातली माणसे. शेजाऱ्यासही जे सांगत नाही, ते त्या रकान्यांत निमूटपणे लिहून देतो. तेथे आपल्या मुलाचे भलेच होईल, असा आमचा विश्वास असतो. ह्या विश्वासाचे पुढे काय होते, हा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला तो अमेरिकेतील एका हकिकतीमुळे.

त्या देशात मेरीलँड राज्यातील एमिट्सबर्ग गावी माउंट सेंट मेरीज हे कॅथोलिक विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १८०८ सालची. २०१५ साली तेथे नव्याने दाखल झालेल्या मुलांपुढे एक प्रश्नावली ठेवण्यात आली. मन उदास असते काय, पैशाची चणचण आहे काय, असे प्रश्न तीत होते. मनमोकळेपणे लिहा, कोणतेच उत्तर चुकीचे नाही, असेही मुलांस सांगण्यात आले. पुढे जानेवारी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने आतील बेत उजेडात आणला. नव्या विद्यार्थ्यांपैकी किती टिकले, ह्याचा आकडा विद्यापीठास सरकारकडे कळवावा लागे. जी मुले पुढे गळण्याचा संभव, अशी वीस-पंचवीस मुले प्रश्नावलीच्या आधारे हेरून २५ सप्टेंबरपूर्वीच घरी पाठविली, तर ती गणतीत येणार नाहीत आणि टिकणाऱ्यांचे प्रमाण चार-पाच टक्क्यांनी वाढेल, असा अध्यक्ष सायमन न्यूमन यांचा हिशेब होता. काही अध्यापक व अधिकारी आडवे आले, म्हणून तो तडीस गेला नाही. मुलांचे हित हाच आपला हेतू होता, असे अध्यक्षांचे म्हणणे पडले; तथापि दोन अध्यापकांस बडतर्फ केल्यावर मोठा गदारोळ उठला, त्यांस परत घ्यावे लागले, आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अध्यक्षांनी राजीनामा दिला.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच देशात अटलांटा शहरी जॉर्जिया स्टेट विद्यापीठ आहे. तेथे २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीतील आठशेहून अधिक खुणांवर संगणकाची नजर असते. पायाभूत विषयात गुण घसरले, की सल्लागार त्या मुलास बोलावून घेतो. थोड्या रकमेसाठी कोणाचे नाव कमी होऊ नये म्हणून अर्थसाहाय्यही दिले जाते. तेथे सहा वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण २००३ साली ३२ टक्के होते, ते २०१४ साली ५४ टक्क्यांवर गेले. हे एकट्या यंत्राचे फळ नव्हे. यंत्राने खूण दाखविल्यावर माणूस धावून गेला, त्याचे हे फळ होय.

माहिती दोन्हीकडे मुलांचीच. एकीकडे ती दार दाखविण्यासाठी, दुसरीकडे हात देण्यासाठी. मेंढपाळही सायंकाळी मेंढरे मोजतो. नव्याण्णव भरली तर तो शंभराव्याच्या शोधास निघतो. मोजणी पुरी दिसावी म्हणून दुबळे मेंढरू आधीच कुंपणाबाहेर काढून ठेवीत नाही. कॅथोलिक विद्यापीठास हे निराळे शिकवावे लागू नये.

आपल्या संसदेनेही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला आहे. माहिती मागणाऱ्याने तिचे प्रयोजन सांगावे, हे त्याचे एक मुख्य सूत्र. परंतु विचारणाराच नसेल तर कायदा मुका राहतो. म्हणून वाचकहो, अर्ज भरताना कारकुनास सौम्य शब्दांत विचारावे: हे कशासाठी हवे? कोण वाचणार? न लिहिले तर चालेल काय? असे विचारण्यात उद्धटपणा नाही. मुलाच्या कमकुवतपणाची गोष्ट आपण परक्याच्या हाती देतो, तेव्हा ती त्याच्याच विरुद्ध वापरली जाऊ नये, एवढे पाहण्याचा मायबापांना अधिकार आहे. आणि मूल लहान असेतो ते त्यांचे कर्तव्यही आहे.