लोखंडावरची अक्षरे

लोखंडावर अक्षर कोरायचे तर आधी ते मऊ करावे लागते, ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर माझ्याच एका विद्यार्थ्याने शिकवली.

जळगावच्या बाजारात तो भांड्यांवर नावे घालतो. विजेच्या यंत्राने हातकाम मागे पडले, म्हणून हातनक्षीचे नवे काम शिकावे या ओढीने त्याने एक इंग्रजी पुस्तक मिळवले आणि तो मेहरूणला माझ्याकडे येऊ लागला. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण शब्दकोशाची काठी टेकीत आम्ही दोघे ती वाट चाललो.

पुस्तकात बंदुकांवरच्या नक्षीचे प्रकरण होते. १८७३ च्या अमेरिकन कोल्ट पिस्तुलाच्या हुबेहूब नकला आज इटलीत, ब्रेशियाजवळ घडतात. मूळ पिस्तुलाचा सांगाडा हाडांच्या नि चामड्याच्या कोळशात पुरून लालबुंद तापवीत आणि एकदम पाण्यात सोडीत. कोळशातला कार्बन लोखंडाच्या सालीत मुरे, साल कठीण होई आणि तिच्यावर निळे-तपकिरी ढग उमटत. ही साल एक मिलिमीटरही जाड नसते. आत लोखंड मऊच! आमच्या मेहरूणच्या बोराच्या अगदी उलट. अशा सालीवर कोरणी घसरते, नाहीतर तिचे टोक तुटते. म्हणून नक्षीदार तो भाग सुटा करून पुन्हा तापवतो, राखेत पुरून सावकाश निवू देतो, वरची खपली घासून काढतो आणि मगच कोरतो. कोरून झाले की पुन्हा कठीण करतो. नाहीतर तो भाग लवकर झिजतो.

हे ऐकून तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी वडिलांचा विळा घेऊन आला. वडील त्याच वर्षी पावसाळ्यात वारले होते. “गुरुजी, साऱ्या गावाची नावं घातली मी. दादांचं नाव कशावरच नाही. हा तापवू का?”

आम्ही लोहाराकडे गेलो. विळा उलटसुलट करून तो म्हणाला, “तापवलास तर पाणी उतरंल. पुन्हा पाणी देताना तडा गेला, तर विळाही जाईल अन् नावही. पण पाणी नुसतं धारेला आहे रे! पाठ मऊच आहे.”

मुठीजवळ, पाठीच्या बाजूला त्याने नाव कोरले. चार अक्षरांना त्याला सारी दुपार लागली. त्याची आई आजही त्याच विळ्याने चारा कापते. तिला वाचता येत नाही. पण कामाला लागण्यापूर्वी तिचा अंगठा त्या अक्षरांवरून फिरतो.

तेव्हापासून वर्गात एखादा मुलगा दगडासारखा बसला, की मी पट्टी उचलत नाही. त्याची धार कुठे नि पाठ कुठे, ते आधी शोधतो. पाठ सापडायला कधी कधी अख्खे वर्ष जाते.