खराटा आणि क्रमिक पुस्तक

आमच्या अमरावतीच्या विद्यापीठाला ज्या संत गाडगेबाबांचें नांव आहे, त्यांना शाळेचा लाभ झाला नव्हता. १८७६ सालीं शेंडगांवीं त्यांचा जन्म झाला. बाळपण मूर्तिजापुराकडील दापुऱ्यास मामांच्या घरीं गेलें. परंतु शिक्षणाचें एक मर्म त्यांना पुरतें अवगत होतें. गांवांत आले कीं ते आधीं खराटा हातीं घेत, कीर्तन रात्रीं. कृति प्रथम, उपदेश मागाहून. आणि तोहि प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून वदविलेला!

आमच्या शाळा नेमका उलट क्रम धरतात. व्यायामाचे फायदे विद्यार्थी पांच गुणांसाठीं बिनचूक लिहितो. परंतु दहावीचें वर्ष आलें कीं खेळाचा तास गणिताकडे जातो. याचीं फळें पुढें दिसतात. माझ्या एका अकोल्याच्या स्नेह्यांना चाळिशीच्या आंतच मधुमेह जडला. गृहस्थ जीवशास्त्राचे शिक्षक. बैठें जीवन आणि पोटाभोवतीं सांठलेला मेद यांमुळें इन्सुलिनाचा प्रभाव कसा मंदावतो, हें ते दरवर्षीं फळ्यावर आकृति काढून सांगत. ज्ञान होतें, संवय नव्हती.

उपाय दूर शोधावयास नको. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं मंडळाच्या पथकानें आपले देशी खेळ करून दाखविले. तें भूषण खरेंच. पण मला अधिक मोलाचें वाटतें तें हें, कीं तेथें व्यायामाचे शिक्षक तयार होऊं लागले. पहिलवान एक देह कमावतो. शिक्षक शेंकडों मुलांना संवय लावतो.

मुलांनीं रोज सरासरी तासभर तरी अंगमेहनतीचे खेळ खेळावेत, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. वऱ्हाडच्या उन्हाचें निमित्त येथें चालणार नाहीं; सकाळ आपल्याकडेहि असते. पण घरांतील वडील माणूस जेवण होतांच पडद्यासमोर बसला, तर मुलाला पुस्तकांतला धडा खरा कसा वाटावा? खेळाचा तास गणितास देणाऱ्या शाळेला पालकांनीं जाब अवश्य विचारावा. मात्र तो विचारावयास त्यांनीं पायींच जावें.