कसोटी कां नापास झाली ?

विद्यार्थी नापास झाला म्हणजे दोष विद्यार्थ्याचाच, अशी शाळेंत समजूत असते. प्रश्नपत्रिकाच चुकली होती असें म्हणणारा मुलगा क्वचित् आढळतो, आणि त्याचें कोणी ऐकतही नाहीं. संगणकाच्या प्रोग्रॅमांस मात्र ही सवलत फार सढळ हातानें मिळते. ती किती महाग पडूं शकते याचा एक अनुभव येथें सादर करितों.

लिनक्सचा गाभा लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या आधारें डेबियन नांवाचा मोठा प्रोग्रॅमसंग्रह इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं सुरू केला. कोणाचाही प्रोग्रॅम या संग्रहांत घालावयाचा म्हणजे आधीं त्याचें नीट गाठोडें बांधावें लागतें. त्यास पॅकेज म्हणतात. बांधतांना मूळ लेखकानें लिहून ठेवलेल्या लहान लहान कसोट्या चालवून पाहतात. त्यांचें नांव युनिट टेस्ट. अमुक दिलें असतां तमुक येतें कीं नाहीं, एवढाच प्रत्येकीचा प्रश्न.

आमच्या हातीं आलेला प्रोग्रॅम शाळांचीं वेळापत्रकें छापणारा होता. आमच्या यंत्रावर त्याच्या सर्व कसोट्या उत्तीर्ण झाल्या. परंतु पॅकेज कोऱ्या कोठडींत बांधून पाहावें असा दंडक आहे. संगणकांतच एक वेगळी जागा आंखतात आणि जें जें लागेल म्हणून आपण आधीं जाहीर केलें असेल, तेवढेंच तींत ठेवतात. या कोठडींत एक कसोटी नापास झाली. परीक्षेची वेळ सकाळीं ११ यावयास हवी होती, आली ५-३०!

आमचे एक स्नेही जवळच बसले होते. ते म्हणाले, “अहो, ‘नोचेक’ एवढा शब्द लिहा, म्हणजे सगळ्या कसोट्या गप्प होतील. तुमच्या यंत्रावर तर चालतें आहे ना ?” सल्ला सोपा होता, आणि मुदतही जवळ आली होती. परंतु एखाद्या शाळेंतील मुलें भर थंडींत पहाटे साडेपांचला फाटकाशीं येऊन उभीं राहिलीं, हें चित्र कांहीं केल्या डोळ्यांपुढून हालेना.

प्रथम ती एकच कसोटी एकटी चालविली, तरी नापास. मग वाटलें, कोठडीचें घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर असेल. होतेंही तसेंच. तें भारताच्या वेळेस लावलें, तरी उत्तर तेंच ! म्हणजे घड्याळ निर्दोष होतें. पण फरक बरोबर साडेपांच तासांचा, ना मिनिट कमी ना अधिक. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें धरलेली आहे. (मुंबईकरांनीं मात्र त्यानंतरही कित्येक वर्षें ३९ मिनिटें मागें असलेली आपली वेळ सोडली नाहीं !) तेव्हां प्रोग्रॅमास भारताची वेळ कोठें तरी सांपडतच नसावी, असा तर्क केला.

कसोटीचा मजकूर उघडला, तों त्यांत ‘एशिया/कलकत्ता’ असें नांव. संगणकांत निरनिराळ्या वेळा शहरांच्या नांवांनीं नोंदविलेल्या असतात. २००१ सालीं त्या शहराचें अधिकृत इंग्रजी नांव कोलकाता झालें. पुढें संगणकाच्या नोंदींतही नवें नांव आलें आणि जुनें केवळ पर्याय म्हणून उरलें. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तींत असलीं जुनीं नांवें ‘टीझेडडेटा-लेगसी’ या निराळ्या पॅकेजांत आहेत. आमच्या यंत्रावर तें दुसऱ्याच एका प्रोग्रॅमामागून आलेलें होतें. कोठडींत तें कोठून असणार? आणि लिनक्सची सामान्य रीत अशी कीं, वेळेचें नांव ओळखतां आलें नाहीं तर तक्रार न करतां ग्रीनिचची वेळ सांगावयाची ! ही मुकाट्यानें दिलेली चुकीची उत्तरें आम्हांस उघड बिघाडापेक्षां अधिक भयंकर वाटतात.

स्नेही म्हणाले, “मग कसोटींत कोलकाता लिहा, झालें !” कसोटी लगेच उत्तीर्ण झाली असती हें खरें. परंतु ज्या शाळांनीं आपल्या वेळापत्रकांत पूर्वींच कलकत्ता लिहून ठेवलें आहे, त्यांच्या मुलांचें काय ? म्हणून कसोटींतील जुनें नांव आम्हीं तसेंच राहूं दिलें. बदल केला तो प्रोग्रॅमांत : जुनें नांव आलें तर त्याचें नवें नांव समजावें, आणि अगदींच अनोळखी नांव आलें तर छपाई थांबवून स्पष्ट सांगावें. या दुसऱ्या गोष्टीसाठीं एक नवी कसोटीही जोडली.

मग कोठडी झाडून पुसून पुन्हां पॅकेज बांधलें. या खेपेस तेथें अकरा वाजले. दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठविली आहे. त्याचें उत्तर यावयाचें आहे.