नेवाळीची धावपट्टी

जैसलमेर-लोद्रवपूरची यात्रा करून आलेल्या बहुतेक कुटुंबांच्या आठवणीत दोन गोष्टी शेजारी-शेजारी राहतात. एक, किल्ल्यातील पिवळ्या पाषाणाची जिनमंदिरे. दुसरी, दर्शन आटोपून बुरुजावर येताच कानठळ्या बसवीत गेलेले लढाऊ विमान. शहरालगतच वायुदलाचा तळ आहे. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाल्यावर चालून आलेले रणगाडे ज्या हंटर विमानांनी निकामी केले, ती येथूनच उडाली होती. विमान दिसेनासे होईपर्यंत मुलांच्या माना खाली येत नाहीत. तळाच्या कुंपणापाशी मात्र छायाचित्रे काढू नयेत, हे त्यांना आधीच बजावून ठेवणे बरे.

यात्रेहून आंबिवलीस परतलेल्या एखाद्या मुलाने ‘आपल्याकडे असा तळ नाही का?’ असे विचारले, तर त्याला नेवाळीस न्यावे. शहाड ओलांडून लोकलने कल्याण, आणि तेथून पूर्वेकडील मलंगगडाच्या रस्त्याने नेवाळी नाका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आसपासच्या गावांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेऊन येथे विमानतळ उभारला. युद्ध संपले, विमाने गेली. आज रस्त्यावरून दिसतात त्या जुन्या धावपट्टीच्या खुणा, गवत, भाताची खाचरे आणि मागे मलंगगडाचा सुळका. मुलाची थोडी निराशा होईल. मोठ्यांनी मात्र येथे जरा थांबावे.

त्याच युद्धकाळात कल्याणजवळ सैन्याच्या छावण्याही होत्या. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत आजही तेथील माल येतो. छावणीला असा नवा धनी मिळाला. विमानतळाचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. जमीन केवळ युद्धापुरती घेतली होती, ती परत मिळावी, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. ती संरक्षण खात्याची आहे, असे सरकारचे. दरम्यान अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथे भात लावीत राहिली. नौदलाने कुंपणाचे काम हाती घेतले तेव्हा २२ जून २०१७ रोजी असंतोषाचा भडका उडाला. रस्ते अडले, पोलिसांची वाहने जळली, पोलीस आणि ग्रामस्थ दोघेही जखमी झाले.

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाची नजर अशा ठिकाणी आपोआप कागदाकडे वळते. सातबाऱ्यावर नाव कोणाचे? मोबदला कोणाला, किती आणि कोणत्या अटीवर दिला? परत करण्याचे वचन लेखी होते की तोंडी? सुमारे आठ दशकांपूर्वीच्या घाईतील व्यवहाराची ही उत्तरे नातवंडांना शोधावी लागतात, तेव्हा एकेका कागदाची किंमत कळते.

पाहणे सार्वजनिक रस्त्यावरूनच करावे. आत शिरू नये. पावसाळा सरताना सकाळी गेल्यास खाचरे हिरवीगार असतात आणि डोंगर स्पष्ट दिसतो. आकाशात फार उंचावरून एखादे प्रवासी विमान जाते. मूल तेवढ्यावरही खूश होते.