लाल दांडी

डहाणूच्या बाजारपेठेत किराणा मालाचे दुकान असलेल्या एका गृहस्थांकडे सोळा वर्षांची जुनी हॅचबॅक गाडी आहे. तिचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या वर, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडवी बसविलेली एक लाल, चकचकीत दांडी दिसे. मोटारीच्या बाजारात तिला स्ट्रट बार म्हणतात. पुण्यात नोकरी लागल्यावर मुलाने पहिल्या पगारातून ती आणून बसविली होती. वडिलांना त्या वेळी ती उधळपट्टी वाटली. ज्या वस्तूचा उपयोग नेमका सांगता येत नाही ती हिशेबाच्या माणसाला पटत नाही. पुढे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यास बॉनेट उघडून ती दांडी दाखविण्याची सवय त्यांनाच जडली.

गेल्या पावसाळ्यात खड्ड्यांनी डाव्या बाजूच्या पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या डोक्यावरचे रबर फाटले. एका गॅरेजात ते बदलून घेतले. रबराच्या नटांपर्यंत पाना पोहोचावा म्हणून दांडी काढावी लागली आणि ती पुन्हा बसविली गेली नाही. “शोभेची वस्तू आहे शेठ, नसली तरी चालते,” असे म्हणून कारागिराने ती डिकीत ठेवून दिली. अलाइनमेंटचा विषय निघालाच नाही.

गृहस्थांच्या मातोश्रींना, घरातल्या सर्वांच्या ‘बा’ना, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेण्यासाठी वापीला न्यावे लागते. डहाणूहून चारोटीमार्गे महामार्गाला लागायचे आणि तलासरी ओलांडून गुजरातेत शिरायचे, असा नेहमीचा रस्ता. कार्तिकी पौर्णिमा होऊन गेली होती. चातुर्मास संपून साधू-साध्वींचे विहार सुरू झाले होते. या महामार्गाच्या कडेने त्या दिवसांत पहाटे किती संघाडे चालत असतात, हे वाचकांना सांगावयास नको. तलासरीच्या अलीकडे, पुरते उजाडलेले नसताना, पुढे पांढरी वस्त्रे दिसली. चार-पाच साध्वीजी, व्हीलचेअरवर एक वयोवृद्ध महाराजसाहेब आणि मागे चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला सेवेतला तरुण. गृहस्थांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी स्टीअरिंग डावीकडे, नेमके त्यांच्याच दिशेने ओढले गेले. दोन्ही हातांनी बळ लावून त्यांनी गाडी सरळ धरली. व्हीलचेअरपासून तीन हातांवरून गाडी पुढे गेली.

पुढे जाऊन त्यांनी गाडी कडेला उभी केली, तेव्हा हात थरथरत होते. बा मागच्या सीटवर माळ धरून बसल्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही. सेवेतला तरुण मात्र जवळ येऊन काचेतून एकवार आत पाहून गेला. ती नजर गृहस्थांना फार लागली.

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. मुलगा झोपेतून उठला आणि ऐकताच म्हणाला, “पप्पा, मी सांगितले होते ना, तो बार काढू नका. त्याशिवाय गाडी रस्ता सोडणारच.” वडिलांचा विश्वास बसला. भ्यालेल्या माणसास एखादे कारण हाताशी हवे असते, आणि हे तर डिकीतच पडलेले होते.

या ठिकाणी त्या दांडीचे काम समजून घेतले पाहिजे. बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट या प्रकारचे सस्पेन्शन असते. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी ते १९४० च्या दशकात विकसित केले. आपल्याकडे मारुती ८०० पासून ते घरोघरी पोहोचले. यात स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर मिळून एक उभा खांब होतो. खांबाचे खालचे टोक चाकाशी असते आणि वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याच्या घुमटात बोल्टांनी अडकविलेले असते. या घुमटाला टॉवर म्हणतात. डावा एक, उजवा एक. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, टायरला आडवा रेटा बसतो आणि त्याचा काही हिस्सा टॉवरपर्यंत चढतो. पत्रा किंचित लवतो, आणि खांबाचे डोके सरकले की चाकाचा कल बदलतो. स्ट्रट बार दोन्ही टॉवर एकमेकांना बांधतो. त्यांतील अंतर कमी-जास्त होऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. दोन्ही टॉवर एकाच दिशेला झुकले तर साधी दांडी ते थांबवू शकत नाही. अनेक जण अँटी-रोल बार आणि हा बार एकच समजतात, पण वळणावर गाडीचे एका बाजूला कलंडणे आवरतो तो अँटी-रोल बार. तो खाली असतो.

आता हा लाभ किती, ते आकड्यांत पाहू. खांबाची उंची साधारण ६०० मिलिमीटर धरली आणि डोके १ मिलिमीटर सरकले, तर चाकाचा कल जेमतेम एक दशांश अंशाने बदलतो. अलाइनमेंट करताना निर्माते कलात याहून कितीतरी अधिक फरक चालवून घेतात. शर्यतीच्या मार्गावर, चिकट टायरांवर, वळणामागून वळण वेगाने घेणाऱ्यास हा फरक हाताला जाणवेल. डहाणू ते वापी जाणाऱ्या कुटुंबास, पत्रा धड असेल तर, सहसा जाणवणार नाही. जिथे निर्मात्यानेच कारखान्यात अशी जोडणी देऊन तिला सांगाड्याचा भाग मानले आहे, तिथली गोष्ट वेगळी. ती काढून गाडी चालवू नये. बाजारातून आणून बसविलेली दांडी मात्र निर्मात्याच्या हिशेबात धरलेलीच नसते.

त्यातही मुख्य मुद्दा असा की सरळ रस्त्यावर या दांडीला जवळपास कामच नसते. मग सरळ जाताना, ब्रेक लावताच गाडी डावीकडे ओढण्याचे खापर तिच्यावर कसे फुटेल?

हाच प्रश्न तलासरीच्या मेकॅनिकने विचारला. बांना वापीहून परत आणल्यावर गृहस्थ दुसऱ्या दिवशी हळूहळू चालवीत गाडी त्याच्याकडे घेऊन गेले. डिकीतून दांडी काढून त्यांनी ती पुढे केली आणि ताबडतोब बसवावयास सांगितले. त्याने ती बाजूला ठेवली. आधी टायरांतली हवा पाहिली, मग ब्रेक, मग खालचे आर्म. शेवटी त्याने डाव्या टॉवरवरची माती फडक्याने पुसली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोकले. उजवीकडे खणखणीत आवाज आला, डावीकडे भद्द. दांडीची लोखंडी तळपट्टी जिथे बसत असे, नेमक्या तिथे रंग खरवडला गेला होता. समुद्रकाठची खारी हवा आणि पावसाचे पाणी त्या पट्टीखाली वर्षानुवर्षे मुरत राहिले होते. पत्रा पापुद्र्यांनी सुटत होता. एका बोल्टच्या भोकापासून बोटाच्या पेरभर चीर गेली होती. नवे रबर त्या कुजक्या पत्र्यावर तिरपे बसले होते, त्यामुळे चाकाचा कल बिघडला होता.

म्हणजे दांडीने काही काळ तो टॉवर धरूनही ठेवला असेल आणि त्याचे कुजणे झाकूनही ठेवले. बँकेत अशी खाती पुष्कळ पाहावयास मिळतात. जामीनदार भक्कम, म्हणून कर्जदाराची पत कोणी तपासतच नाही. जामीनदार निघून गेला की मग वही उघडली जाते.

गृहस्थ तरीही म्हणाले, “तूर्त दांडी बसवून दे. पुढल्या महिन्यात पत्र्याचे बघू.”

मेकॅनिकने नकार दिला. तो राहणारा धुंदलवाडीचा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले, त्या थंडीत त्याच्या गावची माणसे लेकरांना घेऊन उघड्यावर झोपली होती. त्याच्या स्वतःच्या घराची एक भिंत तडकली होती. तो म्हणाला, “शेठ, आम्हाला तेव्हा सांगितले, घराच्या चारही भिंती वरून सलग पट्ट्याने बांधा. खरे आहे ते. पण भिंतच पोकळ झाली असेल तर पट्टा कोणाला धरील? आधी भिंत करा.” १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बांधलेल्या घरांत दारांच्या वरच्या उंचीवर काँक्रीटचा असा पट्टा घातला गेला. त्यामागचे शास्त्र आणि या मेकॅनिकचे बोलणे एकच आहे.

गाडी तिथेच राहिली. खांब उतरविला, कुजलेला भाग कापून नवा जाड पत्रा वेल्डिंगने बसविला, सांधे बुजविले, गंजरोधक रंग दिला. नट ठरलेल्या जोराने आवळून त्यांवर त्याने पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे नट ढिला झालाच तर रेघ तुटलेली दिसेल. मग अलाइनमेंट. चौथ्या दिवशी दोघे महामार्गाच्या एका मोकळ्या तुकड्यावर गेले. मेकॅनिकने ब्रेक लावताना स्टीअरिंगवरची पकड क्षणभर सैल केली. गाडी सरळ थांबली. दांडी गॅरेजातच होती.

मुलगा शनिवारी घरी आला. ओटीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली दांडी पाहून थोडा हिरमुसला. वडिलांनी त्याला काढलेला कुजका पत्रा दाखविला. तो तुकडा त्यांनी जपून आणला होता. बराच वेळ तो हातात फिरवून मुलगा म्हणाला, “पप्पा, खरे सांगू? बार लावण्याआधी आणि लावल्यावर काय फरक पडला, ते मी कधी नीट पाहिलेच नव्हते. सगळे लावतात म्हणून लावला.”

वडील काहीच बोलले नाहीत. बॉनेट दाखविताना त्यांनीही लोकांना बरेच काही सांगितले होते.

दुपारी मुलाने गाडीची मागची सीट उचकटली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघे गेले. दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता, हे त्या वेळी सर्वत्र छापून आले होते. तेव्हा घरात चार दिवस चर्चा झाली आणि विषय मिटला. या गाडीतल्या मागच्या बेल्टची कुलपे सीटकव्हराखाली गाडली गेली होती, आणि ते कव्हर मुलानेच हौसेने शिवून घेतले होते. त्याने कात्रीने कव्हर कापले, कुलपे वर काढली, त्यांत अडकलेले चुरमुरे आणि एक जुना रुपया झटकला.

पुढच्या खेपेला वापीला निघताना बांना बेल्ट लावून दिला. साडीवर तो नीट बसेना. दोनदा काढून पुन्हा लावला, तरी माळ धरलेला हात अडकतो अशी त्यांची तक्रार चारोटी येईपर्यंत चालू होती.