पोतोचारीची कबरस्तान

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा शहराजवळ पोतोचारी हे गाव आहे. रस्त्याच्या एका बाजूला पांढऱ्या कबरींच्या रांगा, समोर जुना बॅटरी कारखाना. जुलै १९९५ मध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांच्या डच सैनिकांचा तळ होता. आसऱ्याला आलेल्यांना त्यांनी बाहेर जायला लावले. सर्ब सैन्याने पुरुष वेगळे काढले. आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. गोळ्या झाडणाऱ्यांवर खटले चालले. पण त्यांना नेणाऱ्या बसगाड्या कुणीतरी चालवल्या होत्या. पुढे पुरावा लपवायला यंत्रांनी प्रेते उकरून दुसरीकडे पुरली, तीही कुणीतरी चालवलीच. म्हणून एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडतात. दर ११ जुलैला ओळख पटलेल्यांचा दफनविधी होतो. काही आया मात्र उरलेली हाडे मिळेपर्यंत थांबतात.